गाडीच्या कुरबुरी : वाचक विचारतात

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा शेवट सारखाच आहे: "मेकॅनिक म्हणतो पार्ट बदलावा लागेल. बदलू का?" काही ठिकाणी उत्तर 'हो' आहे. पण बहुतेक ठिकाणी आधी पाच-दहा मिनिटांची तपासणी करायला हवी आणि ती घरच्या घरी होते.

प्रश्न : सकाळी किल्ली फिरवली की नुसती टकटक होते. धक्का मारला की गाडी लगेच चालू. दिवे, हॉर्न सगळं व्यवस्थित आहे. बॅटरी दीड वर्षाचीच आहे, तरी ती बदलायला सांगितलं आहे.

दिवे आणि हॉर्न चालतात म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही. ती खराब आहे, असंही नाही. हेडलाइटला दहा अँपिअरच्या आसपास करंट पुरतो. सेल्फ मारताना स्टार्टर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. जोड खराब असेल तर त्यातून दिव्यांपुरता करंट निभावून जातो आणि स्टार्टरच्या वेळी अडतो.

म्हणून पहिलं काम टर्मिनल बघण्याचं, म्हणजे बॅटरीवरचे शिशाचे दोन खुंट (पोस्ट) आणि त्यांवर बसणाऱ्या वायरच्या कड्या (क्लॅम्प). क्लॅम्प हाताने पिळून पाहा. तो जरा जरी फिरला तरी ढिला आहे. पांढरी-हिरवट पावडर साठली असेल तर काढायलाच हवी. आधी काळी (वजा) वायर सोडा, मग लाल. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम उगीच नाही. काळी जोडलेली असताना लालवर लावलेल्या पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर सरळ शॉर्ट होतो आणि पाना जागीच चिकटतो. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. मग पोस्टची बाहेरची आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून क्लॅम्प घट्ट आवळा. पेट्रोलियम जेली लावायची ती आवळून झाल्यावर, वरून.

टकटक तरीही राहिली तर मल्टिमीटर घ्या. साधा, स्वस्तातला चालतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा पाहा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली कोसळली तर ती गेली, बदला. आकडा १० च्या वर राहिला आणि तरी गाडी उचलत नसेल, तर बॅटरीचा दोष नाही. जोड, अर्थिंगची वायर किंवा स्टार्टर पाहायला हवा.

जोड पकडायची एक युक्ती फारसं कोणी करत नाही. मीटरची एक सळई बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर आणि दुसरी त्याच पोस्टवरच्या क्लॅम्पवर टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. दोन्ही एकाच ठिकाणी आहेत, तेव्हा आकडा शून्याजवळच राहायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला की चोर सापडला. हीच चाचणी वजा पोस्ट आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात घेतली की अर्थिंगचाही निकाल लागतो.

शेवटी इंजिन चालू ठेवून व्होल्टेज पाहा. ते १३.८ ते १४.५ असायला हवं. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर, कॉम्प्युटरचा ताबा असतो, तिथे आकडा थोडा खाली-वर होतो.) तो १२.५ वरच अडकला असेल तर चार्जिंगच होत नाही. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही काही दिवसांत झोपेल.

प्रश्न : बॅटरी नवी आहे, पण गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली की बंद पडते.

हिशेब करून पाहा. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर जागे असतात आणि सगळे मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट खातात. तेवढा खर्च ठीक मानला जातो. पण ५० मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास; १५ दिवसांत १८. तुमची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर ४० टक्के तिथेच गेले. त्यात ती आधीच पूर्ण भरलेली नसेल तर संपलंच.

खर्च याहून जास्त आहे का ते बघायचं असेल तर वजा वायर सोडून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, वायर आणि पोस्ट यांच्या मध्ये जोडा. गाडीला लॉक करून अर्धा तास थांबा. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, कारण आतले कॉम्प्युटर अजून झोपलेले नसतात. मीटर लावलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा मोठाच राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यावर आकडा धपकन खाली येईल त्या सर्किटमध्ये गळती आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम आणि बंद न होणारा डिकीचा दिवा हे नेहमीचे संशयित.

रोज पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवण्याचा उपयोग नाही. आयडलिंगला अल्टरनेटर कमी देतो, सेल्फमध्ये गेलेलंही नीट भरून येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवा. ते जमणार नसेल तर वजा वायर सोडून ठेवा.

प्रश्न : एसी लावला की कुबट वास येतो आणि चालकाशेजारच्या सीटपुढची मॅट ओली होते. गॅस भरून घेऊ का?

गॅसचा या दोन्हींशी काही संबंध नाही.

डॅशबोर्डच्या आत एसीची थंड कॉइल असते. हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन साठते आणि बोटभर जाडीच्या रबरी नळीतून गाडीखाली टपकते. दमट दिवशी वीस मिनिटं एसी चालवून गाडी उभी केली की खाली थारोळं दिसायला हवं. खाली कोरडं आणि आत ओलं असेल तर नळी तुंबली आहे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या तळाशी, खालच्या बाजूने ती दिसते. टोकातून मऊ प्लॅस्टिकची पट्टी किंवा केबल-टाय दहा-पंधरा सेंटिमीटर आत घालून हलकेच फिरवा. माती, पाला, कधी किड्यांचं घरटं निघतं आणि पाठोपाठ साठलेलं पाणी धो धो येतं, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. कॉम्प्रेसरच्या हवेचा जोरदार झोत मारू नका. नळी आतल्या बाजूने निसटली तर डॅशबोर्ड खोलायची पाळी येते.

त्याआधी मॅटवरचं पाणी बोटाने तपासा. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. अशा वेळी पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकंही धरतं. (कूलंट विषारी आहे, चाखून पाहू नका.) आणि फक्त पाऊस पडला की ओलं होत असेल तर वायपरखालच्या जाळीत साचलेला पाला काढा.

वासासाठी आधी केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे आडवं झाकण दिसतं. फिल्टर वर्षातून एकदा किंवा १२ ते १५ हजार किलोमीटरला बदला. तो कागदी असतो, धुऊन परत बसवू नका. ओला कागद म्हणजे बुरशीला आयतं घर. बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. एवढं करूनही वास राहिला तर कॉइलवर मारायचा फोम मिळतो. पुढे वास परत येऊ नये म्हणून मुक्कामाला पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल सुकते. सुगंधाची डबी लटकवून वास जात नाही, त्याला फक्त जोडीदार मिळतो.

प्रश्न : ९० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट दोनदा केली.

तिसऱ्यांदा करू नका. ठरावीक वेगालाच थरथर आणि त्याच्या वर-खाली कमी, हे बॅलन्सिंग बिघडल्याचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याचं लक्षण आहे. रिमवरचं शिशाचं वजन गळून पडलं असेल किंवा रिमच्या आत चिखल वाळून बसला असेल. धुऊन बॅलन्सिंग करून घ्या. थरथर सीटमध्ये जाणवत असेल तर मागची चाकं. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. आणि बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही तर टायर वर उचलून हाताने फिरवा; कुठे फुगा दिसला तर तो टायर आजच काढा.

प्रश्न : टायरवर ५१ पीएसआय छापलंय, पेट्रोल पंपावरचा माणूस ३५ भरतो, पुस्तकात ३३ आहे. कोणाचं ऐकायचं? शिवाय एका चाकातली हवा पंधरा दिवसांत उतरते.

पुस्तकाचं. तोच आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे चिकटवलेला असतो. टायरवरचा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. लांब चालवल्यावर दाब चार-पाच पीएसआय वाढलेला दिसतो. तो काढू नका, नाहीतर सकाळी टायर कमी हवेवर असतो. नायट्रोजनचा आग्रह कोणी धरला तर साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो, एवढं लक्षात ठेवा.

हवा कुठून जाते ते शोधायला व्हॉल्व्हपासून सुरुवात करा. टोपी काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा फुगला तर आतली सुई ढिली आहे; छोट्या चावीने पाव फेरा आवळा किंवा सुई बदला. मग व्हॉल्व्हचं बूड, मग रिमची कड, मग टायरचा पट्टा असं साबणाचं पाणी ओतत जा. कडेला बारीक फेस आला तर रिमवर गंज धरलाय. टायर उतरवून कड घासावी लागेल. पट्ट्यात खिळा दिसला तर घरी उपसू नका, पंक्चरवाल्यापर्यंत तोच बूच आहे. मधल्या पट्ट्यातलं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. खांद्यावरचं किंवा बाजूच्या भिंतीतलं होत नाही, कोणी 'करून देतो' म्हटलं तरी करून घेऊ नका.

प्रश्न : ब्रेक ऑइलची पातळी अर्ध्यावर आली आहे. वरून भरलं तर चालेल ना?

आधी पॅड बघा. पॅड झिजले की कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन पुढे सरकतात आणि त्यामागची जागा ऑइल भरून काढतं. टाकीतली पातळी हळूहळू उतरणं हे पॅडची झीज सांगणारं मीटरच आहे. वरून भरलंत तर ते मीटर बिघडलं. शिवाय नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की टाकी ओसंडते, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला असेल तर पॅड बदला, पातळी आपोआप वर येईल. मात्र पातळी किमान रेषेखाली गेली, भराभर उतरली किंवा चाकाच्या आतली बाजू ओली दिसली तर ती गळती आहे. गाडी चालवू नका.

भरायचं तर नव्या, सीलबंद डबीतलं आणि टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचं (उदा. डॉट ४). ते हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळलं की पायाखाली पेडल पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं, गाडी कमी चालली असली तरीही.

प्रश्न : हेडलाइटचा उजेड कमी वाटतो. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब टाकू का?

नको. ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला सव्वाआठ. वायर आणि होल्डरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपटीहून जास्त. आधी होल्डरचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं, मग वितळतं.

उजेड बहुधा काचेत अडकलाय. हेडलाइटची 'काच' पॉलिकार्बोनेटची असते आणि वरचा संरक्षक थर उन्हाने जळला की ती पिवळट धुरकट होते. भोवतीच्या रंगावर टेप लावा. पाणी टाकत ८००, मग १५००, मग ३००० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. प्रत्येक नंबरला आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. मधेच ती पूर्ण पांढरी दिसते, घाबरू नका. शेवटी पॉलिश. त्यावर अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारायलाच हवा. तो टाळला तर काही महिन्यांत पुन्हा तेच. बल्ब बदललात तर त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो.

प्रश्न : इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. स्कॅन केल्यावर पी०३०१ हा कोड आला. चारही इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या) बदलायला सांगतात.

दिवा सतत जळतोय की लुकलुकतोय? सतत असेल तर सवडीने दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याला निकामी करतं. ॲक्सिलरेटर सोडा, जमेल तितक्या लवकर थांबा.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कारण काय, ते कोड सांगत नाही. इंजिन थंड असताना पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला: एक कॉइल बदला, चार नाहीत. पी०३०१ च राहिला तर तसंच प्लगचं करून पाहा. मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. कोड पुसायला बॅटरीची वायर काढू नका. स्कॅनरने नोंद वाचून, लिहून घेऊन मगच पुसा.

प्रश्न : ट्रॅफिकमध्ये अडकलं की तापमानाचा काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर खाली येतो.

पंखा. चालत्या गाडीत वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत पंख्यालाच करावं लागतं. एसी लावून पाहा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच सुरू होतो. नाही झाला तर फ्यूज, मग रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच (हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून पाहा), मग मोटर. उलट, वेगात असतानाच काटा चढत असेल तर कमी कूलंट, चोंदलेला रेडिएटर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह).

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. ते आत सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे नुसतं पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल केलं की ते तत्क्षणी वाफ होऊन अंगावर येतं.

प्रश्न : वायपर एका दिशेने गुपचूप जातो, परत येताना थडथडतो.

प्रत्येक वळणावर रबराची कड उलटी झुकायला हवी. एकाच बाजूला वाकून बसली असेल तर रबर कडक झालंय, ब्लेड बदला. नव्या ब्लेडनेही तेच झालं तर दांडा किंचित पिळलेला आहे. आणि त्याआधी काच स्पिरिटने पुसा. वॉशिंगवाल्याने मारलेलं पॉलिश हे अर्ध्या थडथडीचं कारण असतं.

प्रश्न : पंक्चर झालं, पाचही नट काढले, तरी चाक निघेना!

रिमचं मधलं भोक हबला (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागाला) गंजाने चिकटलंय. जॅकवरच्या गाडीला लाथा मारू नका. सगळे नट परत हाताने लावा, मग प्रत्येक एक फेरा ढिला ठेवा, गाडी खाली उतरवा आणि एक-दोन फूट पुढे-मागे करून ब्रेक दाबा. 'टक्' असा आवाज आला की चाक सुटलं.

स्टेपनी बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा आणि मधल्या गोलाकारावर ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. बोल्टना आणि डिस्कला ग्रीस लावायचं नाही. नट समोरासमोरचे, चांदणीच्या क्रमाने आवळा. समजा पुस्तकात ११० न्यूटन-मीटर आहे: ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३७ किलोंचा जोर लावला की तेवढं होतं. पान्यावर उभा राहिलेला ७० किलोंचा माणूस ते २०० च्या पुढे नेतो, आणि मग पुढच्या पंक्चरला बोल्ट तुटतो. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट एकदा पुन्हा तपासा.